फॉक्सप्रोमधली पट्टी आणि नवीन मोबाईल अ‍ॅप: दोन्ही एकत्र कसं चालवायचं?

गुलटेकडी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना उलट प्रश्न विचारत बसावं लागणार नाही.

मार्केट यार्डातल्या एका भाजीपाल्याच्या आडत्याचं (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याचं) काम आमच्याकडे आलंय. गाळ्यावर व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 (मायक्रोसॉफ्टची जुनी डेटाबेसची भाषा) मधलं सॉफ्टवेअर आहे. पहाटे आवक नोंदवायची, विकलेला माल खरेदीदाराच्या नावावर टाकायचा आणि शेवटी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, काढायची: डाग (नग), वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि उचल वजा जाता हातात रक्कम. पट्टी डॉट मॅट्रिक्सवर कार्बन घालून निघते. दिवाणजी माऊसला हात लावत नाहीत. एंटर, एंटर, आकडा, एफ-5, झाली पट्टी. शेजारी उभं राहून बघितलंय, त्या वेगाने वेबपेजवर एंट्री होणं मला अवघड वाटतं.

ज्या काकांनी हे लिहिलं ते आता निवृत्त होऊन गावी गेलेत. फोनवर मदत करतात आणि सोर्स कोड पूर्ण दिलाय. 2016 च्या जुलैत आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तो बदलही त्यांनीच यात केलेला आहे.

मालकांच्या मुलीला आता शेतकऱ्याला मोबाईलवर पट्टी दिसायला हवी आहे, आणि खरेदीदाराला त्याची बाकी. मागणी रास्त आहे. पुरंदरहून टेम्पोत माल पाठवणाऱ्या माणसाला पट्टीचा कागद ड्रायव्हर परत येईपर्यंत मिळत नाही.

मी सी-शार्प (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वाला. सगळं नव्याने लिहावं, की जुनं चालू ठेवून शेजारी नवीन उभं करावं? शनिवारी बाजार बंद आणि रविवारी सगळ्यात जास्त आवक, त्यामुळे "दोन दिवस सिस्टिम बंद ठेवा" हा पर्याय नाही. पायथन भाषेतून डीबीएफ फाइली (फॉक्सप्रो डेटा ठेवतो त्या) वाचून बघितल्या. आकडे व्यवस्थित येतात, नावांच्या जागी मात्र गिचमिड चिन्हं येतात, कारण डेटा जुन्या मराठी फॉन्टात आहे.

हिंजवडी_फेज२

सरळ नव्याने लिहा. मायक्रोसॉफ्टने 2007 साली दहावी आवृत्ती येणार नाही म्हणून सांगितलं, आणि नवव्या आवृत्तीचा सपोर्ट 13 जानेवारी 2015 ला संपला. एक टेबल 2 जीबीच्या वर जात नाही, सगळं 32-बिट, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत) नाही. नवीन मुलं हे शिकायला तयार नाहीत. जितकं लांबवाल तितका खर्च वाढेल.

नीलमोहोर

गुलटेकडी, तुम्ही दिवाणजींच्या शेजारी उभं राहून बघितलंत हे वाचून फार बरं वाटलं. बहुतेक जण थेट टेबलांची रचना मागतात.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी टिळक रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात फॉक्सप्रो 2.6 वर सुरुवात केली. पतसंस्था, दूध संघ, आडते हेच आमचं गिऱ्हाईक. आता माझा दिवस सी-शार्प आणि पोस्टग्रेसमध्ये जातो, पण दोन ठिकाणी व्हिज्युअल फॉक्सप्रो अजून चालू आहे आणि ते मीच सांभाळते. दोन्हीकडची बाजू रोज बघते.

हिंजवडी यांनी दिलेल्या तारखा बरोबर आहेत. पण सपोर्ट संपला म्हणून एक्झी बंद पडत नाही. फॉक्सप्रो 9 चा प्रोग्रॅम 32-बिट आहे आणि विंडोज 11 वर तो आजही चालतो. अडतं ते डॉसवालं 16-बिट 2.6, ते 64-बिट विंडोजवर उघडतच नाही. तुमचं तसं नाही, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. 2 जीबीची मर्यादा एका आडत्याच्या डेटाला बहुधा लागणार नाही, कारण अशी सॉफ्टवेअर दर 1 एप्रिलला नवीन वर्षाचं फोल्डर काढतात आणि मागची बाकी पुढे ओढतात. तुमच्याकडे तसं आहे का ते बघा. असेल तर "खरेदीदाराची मागच्या तीन वर्षांची उलाढाल" या एका प्रश्नासाठी तीन फोल्डर उघडावी लागतील, आणि मध्ये कुणाचा कोड बदलला असेल तर तेही जुळवावं लागेल.

माझं मत ठाम आहे: जुनं चालू ठेवा, शेजारी नवीन उभं करा, आणि एका टेबलात लिहिणारा प्रोग्रॅम एकच ठेवा. वाचणारे कितीही असोत. आज सगळ्या टेबलांत फॉक्सप्रो लिहितो, नवीन अ‍ॅप फक्त वाचेल. पुढे एखादं टेबल नव्याकडे द्यायचं ठरलं तर ते पूर्ण द्यायचं, त्या दिवसापासून फॉक्सप्रोने त्यात लिहायचं नाही. अर्धी नोंद इकडून आणि अर्धी तिकडून असं कधीही करू नका.

कारण सांगते. डीबीएफच्या जोडीला सीडीएक्स नावाची इंडेक्स फाइल असते. फॉक्सप्रो रेकॉर्ड लिहितो तेव्हा तीही अद्ययावत करतो. पायथनच्या किंवा इतर लायब्रऱ्यांपैकी बऱ्याच डीबीएफमध्ये ओळ घालतात पण सीडीएक्सला हात लावत नाहीत. मग रेकॉर्ड फाइलीत असतं, पण दिवाणजींनी शेतकऱ्याचा नंबर टाकून शोधलं की "सापडत नाही" येतं. ते नवीन नाव घालतात आणि एकाच माणसाची दोन खाती होतात. लॉकचंही तसंच. फॉक्सप्रो रेकॉर्ड लॉक करतो तो त्याच्या पद्धतीने, बाहेरच्या लायब्ररीला ते लॉक कळेलच असं नाही.

डेटा बाहेर काढायला मायक्रोसॉफ्टचा फॉक्सप्रोसाठीचा ओएलई-डीबी प्रोव्हायडर (बाहेरच्या प्रोग्रॅमला डेटा वाचू देणारा दुवा) आहे. तो फक्त 32-बिट आहे, त्यामुळे तुमचा सी-शार्प प्रोग्रॅम एक्स-86 म्हणून बिल्ड करावा लागेल. चालतो ठीक, पण मी तो रस्ता घेत नाही. मी फॉक्सप्रोकडूनच डेटा पाठवून घेते. त्याला ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडण्याची सामाईक पद्धत) पोस्टग्रेसशी बोलता येतं, एसक्यूएल-कनेक्ट आणि एसक्यूएल-एक्झेक ही दोन फंक्शनं पुरतात. ड्रायव्हर मात्र पोस्टग्रेसचा 32-बिटवाला घ्या.

इथे एक काळजी घ्या. पट्टी सेव्ह होतानाच सर्व्हरला पाठवू नका. पहाटे पाचला नेट गेलं तर पट्टी अडेल, आणि गाळ्यासमोर माणसं उभी असताना ते चालणार नाही. एक छोटं डीबीएफ करा: पट्टी नंबर, वेळ, पाठवली की नाही. पट्टी सेव्ह झाली की त्यात एक ओळ पडते, बस. फॉक्सप्रोमध्येच लिहिलेली दुसरी लहान एक्झी दर काही मिनिटांनी ती यादी बघते, न पाठवलेल्या पट्ट्या पोस्टग्रेसमध्ये टाकते आणि खूण करते. नेट दुपारी आलं तर दुपारी जातील. जुन्या कोडमध्ये तुमचा हात लागेल तो फक्त त्या एका ओळीसाठी. पट्टी नंतर दुरुस्त केली किंवा रद्द केली तरी यादीत पुन्हा ओळ पडली पाहिजे, ती जागा काकांना विचारून घ्या.

आता नव्याने लिहिण्याबद्दल. मालाचा दर आणि वजन टेबलांत असतं, व्यवहाराची रीत कोडमध्ये असते, आणि त्यातली बरीच भाषेच्या सवयीत लपलेली असते. उदाहरण देते. समजा हॉटेलवाल्या खरेदीदारांचे कोड "एच" ने सुरू होतात आणि जुन्या कोडमध्ये अट आहे: कोड बरोबर "एच", तर उधारीची मुदत वेगळी. फॉक्सप्रोमध्ये सेट एक्झॅक्ट मुळात ऑफ असतं, त्यामुळे बरोबरचं चिन्ह उजव्या बाजूची लांबी संपेपर्यंतच तुलना करतं. एच-12, एच-40 सगळे त्या अटीत बसतात. तीच अट तुम्ही सी-शार्पमध्ये जशीच्या तशी लिहिली तर एकही हॉटेलवाला बसणार नाही, आणि कंपायलर काहीच बोलणार नाही.

दुसरं, पैशांचं पूर्णांक करणं. एका पतसंस्थेत नवा व्याजाचा रिपोर्ट आणि जुनी खतावणी शेजारी ठेवली तेव्हा काही खात्यांत बरोबर एक रुपयाचा फरक दिसत होता. हमाली साडेबारा रुपये आली तर फॉक्सप्रोचं राउंड 13 देतं. सी-शार्पचं मॅथ-राउंड काही न सांगता वापरलं तर 12 देतं, कारण बरोबर अर्ध्यावर आलं की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. पायथनही तसंच. साडेतेरा असतील तर दोघंही 14 म्हणतात, त्यामुळे फरक कधी येतो, कधी येत नाही, आणि शोधणारा वेडा होतो. सी-शार्पमध्ये मिडपॉइंट-राउंडिंग अवे-फ्रॉम-झीरो असं स्पष्ट लिहायचं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम न्यूमेरिक ठेवा, त्याचं राउंड फॉक्सप्रोसारखंच वागतं. डबल प्रिसिजन पैशाला वापरू नका.

डिलीट केलेली रेकॉर्डंही फाइलीतच असतात, पॅक करेपर्यंत, म्हणजे ती कायमची काढून टाकेपर्यंत. नुसती खूण झालेली असते. वाचताना ती गाळा, नाहीतर रद्द पट्ट्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर जिवंत होतील. आणि फॉक्सप्रोत तारीख रिकामी असू शकते. ओएलई-डीबीने वाचली तर तीच 30 डिसेंबर 1899 होऊन येते. अशी तारीख दिसली की ती रिकामी समजून नल करा.

कोड वाचायला घ्याल तेव्हा एक सोय आहे. एससीएक्स, व्हीसीएक्स, एफआरएक्स, म्हणजे फॉर्म, क्लास आणि रिपोर्टच्या फाइली, स्वतः डीबीएफच आहेत. यूज करून ब्राउझ केलं की फॉर्मवरच्या प्रत्येक बटणामागचा कोड मेमो फील्डमध्ये दिसतो. हमाली हा शब्द सगळ्या फॉर्ममध्ये शोधायचा तर पाच ओळींचा प्रोग्रॅम पुरे. फॉक्सबिन-टू-पीआरजी नावाचं मोफत साधन या फाइलींचा मजकूर करून देतं, म्हणजे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ठेवता येतं. हे पहिल्या दिवशी करा.

पाषाण_रोड

नीलमोहोर यांचा मुद्दा आमच्याकडेही तंतोतंत लागू पडला. आमचं ओरॅकल फॉर्म्स, म्हणजे ओरॅकल डेटाबेसवरच्या स्क्रीन. ब्राउझरमध्ये अ‍ॅपलेट म्हणून चालायचं आणि 2015 मध्ये क्रोमने ते प्लगइन काढून टाकलं, तेव्हा सगळे जागे झाले.

ज्या मॉड्यूलचं लॉजिक पीएल-एसक्यूएलच्या (ओरॅकल डेटाबेसमधली भाषा) पॅकेजमध्ये होतं ते वाचलं. तोच पॅकेज फॉर्म्सही बोलवतो आणि रेस्ट सर्व्हिसही. ज्यांनी सगळं फॉर्मच्या ट्रिगरमध्ये, व्हेन-व्हॅलिडेट-आयटममध्ये कोंबलं होतं, तिथे आम्ही आधी लॉजिक उचलून डेटाबेसमध्ये नेलं, फॉर्म तसाच चालू ठेवला आणि मग नवीन स्क्रीन केली. वापरणाऱ्यांना मधल्या टप्प्यात काहीच बदललेलं दिसलं नाही.

फॉक्सप्रोत असं काही करता येतं का?

नीलमोहोर

येतं. क्लासला ओएलई-पब्लिक लिहून कॉम सर्व्हर (दुसऱ्या प्रोग्रॅमला बोलवता येणारा भाग) बिल्ड करता येतो. पट्टीचा हिशोब फॉर्ममधून उचलून एका क्लासमध्ये आणायचा, फॉर्मने तोच क्लास बोलवायचा, आणि सी-शार्पनेही कॉममधून तोच. मग शेतकऱ्याला अ‍ॅपवर "इतके डाग पाठवले तर अंदाजे किती हातात येतील" हे दाखवायचं असेल तरी हिशोब एकाच जागी राहतो. 32-बिटची अट इथेही आहे. उलट दिशेने, फॉक्सप्रोमधून डॉटनेटची लायब्ररी वापरायची तर डब्ल्यूडब्ल्यू-डॉटनेट-ब्रिज आहे, मोफत. मी क्यूआर कोडसाठी वापरते, पट्टीवर छापायला उपयोगी पडेल. पण डॉट मॅट्रिक्सवर क्यूआर नीट उठतो का, हे आधी गाळ्यावरच्या प्रिंटरवर बघून घ्या.

गुलटेकडी

ताई, मनापासून आभार. पाठवायच्या यादीची कल्पना एकदम पटली, काकांनाही फोनवर सांगितली. त्यांनी लगेच पट्टी रद्द होण्याच्या दोन जागा सांगितल्या, त्यातली एक मला माहीतच नव्हती.

आता फॉन्टचं सांगा. मी बसून तक्ता केला, हे चिन्ह म्हणजे हे अक्षर, आणि बदलून बघितलं. "पवार" येतं, "जगताप" येतं. "शिर्के" मात्र भलतंच काहीतरी येतं.

नीलमोहोर

कारण त्या फॉन्टांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. शिर्के या नावात दोन्ही अडचणी एकत्र आल्यात. जुन्या फॉन्टात आधी पहिली वेलांटी, मग श, मग क, मात्रा, आणि शेवटी के च्या डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने हवं: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. वेलांटी पुढच्या अक्षरानंतर न्यायची आणि रफार मागच्या अक्षराच्या अलीकडे आणायचा. ते अक्षर जोडाक्षर असेल, "स्थिती" सारखं, तर वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून जाते. शिवाय बऱ्याच फॉन्टांत श, ग, ण ही अक्षरं अर्धा भाग अधिक काना अशी दोन चिन्हांची असतात. म्हणून आधी चिन्हं जोडून अक्षर पूर्ण करा, मग वेलांटी हलवा, मग रफार. हा क्रम उलटवू नका.

श्रीलिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, मराठी टायपिंगची ही दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातलीच. आपल्या भागातला फॉक्सप्रोमधला किती मराठी डेटा या दोघांच्या फॉन्टांत आहे! तक्ता फॉन्टप्रमाणे बदलतो, त्यामुळे आधी फॉर्मच्या प्रॉपर्टीत फॉन्टचं नेमकं नाव बघा. डेटा इस्कीत (भारतीय लिप्यांसाठीची जुनी प्रमाणित पद्धत) असता तर काम पुष्कळ सोपं होतं, कारण युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीच्याच 1988 च्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात.

रूपांतर फक्त बाहेर जाताना करा. युनिकोड परत डीबीएफमध्ये लिहायला जाऊ नका. यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. "शिर्के" यात सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट झाले. नावाचं फील्ड 30 चं असेल तर दहा चिन्हांत संपलं, "बाळासाहेब" सुद्धा कसंबसं मावेल आणि आडनावाला जागा उरणार नाही.

आणि शेतकऱ्यांची यादी रूपांतर करून झाली की छापून दिवाणजींना द्या. त्यांना माणसं माहीत आहेत. चुकलेलं नाव ते एका नजरेत काढतात.

एबीसी_चौक

मी नेटवर्कचं काम करतो, माझ्या बाजूचं सांगतो. डीबीएफ शेअर्ड फोल्डरवर असतील आणि चार काउंटर एकदम लिहीत असतील तर इंडेक्स बिघडण्याच्या तक्रारी येतात. नवीन विंडोजमधलं एसएमबी-2 (नेटवर्कवर फाइली वाटून वापरण्याची पद्धत) फाइलीची माहिती थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं, त्यामुळे एका काउंटरने घातलेली नोंद दुसऱ्याला उशिरा दिसू शकते. प्रत्येक काउंटरच्या रजिस्ट्रीत लॅनमॅन-वर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये फाइल-इन्फो, डिरेक्टरी आणि फाइल-नॉट-फाउंड या तिन्ही कॅशची मुदत शून्य करा. जुनं एसएमबी-1 चालू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, 2017 चा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

अँटीव्हायरसमधून डेटाचं फोल्डर वगळा. आणि ते फोल्डर कुठल्याही ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. बॅकअप घ्यायचा तर सगळे काउंटर बंद झाल्यावर कॉपी करून झिप करा, ती झिप वर चढवा.

गुलटेकडी

धन्यवाद. फोल्डर सिंकमध्येच आहे, उद्या काढतो. शेवटचा प्रश्न: अ‍ॅप शेतकऱ्यांना कधी द्यायचं? मालकांची मुलगी म्हणते पुढच्या रविवारी.

नीलमोहोर

तिला एक गोष्ट समजावून सांगा. मोबाईलवरची रक्कम आणि कागदावरची रक्कम एका रुपयाने जरी वेगळी दिसली तरी शेतकरी फोन सॉफ्टवेअरवाल्याला करणार नाही. तो आडत्यावरचा विश्वास कमी करेल, आणि त्या विश्वासावर तर त्यांचा धंदा आहे.

मागच्या आर्थिक वर्षाच्या सगळ्या पट्ट्या घ्या. फॉक्सप्रोने साठवलेली निव्वळ रक्कम एका कॉलमात, पोस्टग्रेसमध्ये पोचलेल्या तपशिलावरून तुम्ही नव्याने काढलेली दुसऱ्या कॉलमात. जिथे फरक आहे तेवढ्याच ओळी काढा. जवळजवळ प्रत्येक फरकामागे एखादा नियम असेल: उचलीवर कापलेली रक्कम, परत आलेले क्रेट, दोन गाड्यांत विभागलेलं भाडं. प्रत्येक ओळ काकांना वाचून दाखवा आणि ते सांगतील तो नियम लिहून ठेवा, नंतर नव्याने लिहायचं ठरलं तर तेच लागेल. फरकाची यादी रिकामी झाली की आधी दोन-तीन नेहमीच्या शेतकऱ्यांना अ‍ॅप द्या, कागदाची पट्टीही चालूच ठेवा. पहिले काही आठवडे अ‍ॅपमध्ये हिशोब करूच नका, फॉक्सप्रोने साठवलेली रक्कम जशी आहे तशी दाखवा.

आणि काकांना एकदा पुण्याला बोलावून घ्या. शनिवारी गाळा बंद असतो तेव्हा दोघं त्या मशीनसमोर बसा आणि पट्टीचा फॉर्म पहिल्या ओळीपासून त्यांच्याकडून ऐका. रेकॉर्डिंग करा.

गुलटेकडी

बोललो त्यांच्याशी. या शनिवारी येतायत. फॉन्टचा तक्ता त्यांच्याकडे वहीत लिहिलेला आहे म्हणाले, तो घेऊन येतायत.

नीलमोहोर

उत्तम. तो स्कॅन करून इथे टाकलात तर आणखी कुणाचं तरी काम वाचेल. फॉन्टचं नाव वर लिहायला विसरू नका.